माझ्या मसुद्यातलं चुकीचं चांदणं

माझी कादंबरी पुण्यातल्या पानशेतच्या पुराभोवती फिरते. दुसरा खर्डा संपला तेव्हा एक प्रसंग मला फार आवडला होता : पूर ओसरल्यावर त्याच रात्री नायिका चिखलातून चांदण्यात आईचं घर शोधते. मी तो प्रसंग चार वेळा सुधारला होता, भाषा घासूनपुसून घेतली होती.

मग मावशीला तो वाचून दाखवला. ती तेव्हा नारायण पेठेत राहायची. ती एवढंच म्हणाली, "अगं, हाताला हात दिसत नव्हता त्या रात्री."

जुनं पंचांग काढलं. १२ जुलै १९६१, बुधवार, अमावास्या! वीज गेलेली, वर चंद्र नाही. सकाळी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, हे मला पाठ होतं. आकाशाकडे मात्र मी पाहिलंच नव्हतं.

म्हणून भिंतीवर एक मोठा कागद लावला. प्रसंगामागे एक ओळ : तारीख, वार, तिथी, पात्राचं वय, उजेड कशाचा. त्यात आणखी दोन चुका सापडल्या. त्यातली एक : धाकटा भाऊ एका प्रकरणात नऊ वर्षांचा आणि पुढच्यात सात वर्षांचा होता. त्या दुरुस्त व्हायला एक संध्याकाळ पुरली.

चांदण्याच्या प्रसंगाला तीन आठवडे लागले, कारण शब्द बदलून भागेना. नायिकेला आता दिसत नाही, म्हणून ती वास आणि हाताच्या स्पर्शाने उंबरा ओळखते. तो प्रसंग मी पुन्हा मावशीला वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "उंबऱ्यावर गाळ होता, तो लिही."