गाणं शिकायचंय, वर्षानुवर्षं नुसतं म्हणताय? मग अशी सुरुवात करा

नोकरी, संसार सांभाळून ज्यांना गाणं शिकायचंय आणि "आतून येत नाहीये अजून" म्हणून जे थांबलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. चाळीशीत असा, पन्नाशीत असा, काही फरक पडत नाही. स्वप्नांबद्दलची भाषणं, सकाळी सकाळी फॉरवर्ड होणारे सुविचार, यूट्यूबवरचे जोशपूर्ण व्हिडिओ यांनी दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी परत सगळं थंड, कारण त्यात गाणं कुठेच नसतं. गाण्याची ओढ गाण्यातूनच लागते असं माझं ठाम मत आहे, तेव्हा सगळा भर तिथेच द्यायचा.

सगळ्यात आधी "मला गाणं शिकायचंय" हे वाक्य जरा बारीक करा. कुठलं गाणं? अभंग म्हणायचेत, नाट्यगीतं, भावगीतं की ख्याल (रागातलं शास्त्रीय गाणं) गायचाय? माहीत नसेल तर असं करा, जे ऐकताना हातातलं काम थांबतं असं एकच रेकॉर्डिंग शोधा आणि आठवडाभर रोज तेवढंच ऐका, भांडी घासताना नाही तर हेडफोन लावून, डोळे मिटून. नेमकं कुठे अंगावर काटा येतो, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना, एखाद्या मींडेला (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला) की शब्दांच्या फेकीला, ते वहीत लिहून ठेवा. वही लागेलच, मोबाईलमध्ये लिहिलेलं परत कोणी उघडून बघत नाही.

हे एवढ्याशा गोष्टीने काय होणार असं वाटत असेल तर भीमसेन जोशींचं बघा. लहानपणी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतल्या ठुमरीची रेकॉर्ड ऐकली आणि त्या गाण्याने असं काही पछाडलं की १९३३ मध्ये, अकरा वर्षांचं वय, गदगचं घर सोडून गुरू शोधायला निघाले, ग्वाल्हेर काय, पार जालंधरपर्यंत फिरले आणि शेवटी शिकले कुठे तर घरापासून फार लांब नसलेल्या कुंदगोळला, सवाई गंधर्वांकडे. आणि सवाई गंधर्व कोणाचे शिष्य? अब्दुल करीम खाँसाहेबांचेच! म्हणजे ज्या रेकॉर्डने ओढ लावली तिच्याच घरात ते पोचले. आपल्याला कोणी घर सोडायला सांगत नाहीये, पण तुम्हाला आवडणारं ते एक गाणं कोणाचं, ते कोणाकडे शिकले, त्यांचे शिष्य आज कुठे शिकवतात, हा माग तुम्ही नक्की काढू शकता आणि तो काढताना जी मजा येते ना, तीच पुढे क्लासच्या दारापर्यंत घेऊन जाते.

आता दुसरं काम, समोर बसून गाणं ऐका. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केला, आता तो डिसेंबरात होतो, जमलं तर खुर्ची न घेता भारतीय बैठकीत बसा, शेजारचे लोक हातावर ताल धरून कसे ऐकतात तेही बघायला मिळतं. गोव्यात असाल तर गायिका केसरबाई केरकरांच्या नावाचा समारोह आहे. (या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलीये, मला अजूनही हे आठवलं की भारी वाटतं.) पण खरं सांगू का, मोठ्या महोत्सवापेक्षा मी तुम्हाला गल्लीतल्या गाण्याच्या क्लासच्या गुरुपौर्णिमेला जायला सांगेन. मोठ्या कलाकाराला ऐकून आपण भारावतो आणि लगेच मनात येतं की हे आपल्याला या जन्मात जमायचं नाही. गुरुपौर्णिमेला मात्र बँकेतून थेट आलेल्या ताई, रिटायर झालेले काका, शाळेतली पोरं सगळे गातात, कोणी समेवर चुकतं, गुरुजी हाताने मात्रा दाखवतात, ते परत सम पकडतात आणि पुढे गातात. हे बघितलं की वाटतं, अरे, हे तर मी पण करू शकते. दोन-तीन वर्षं पुढे असलेला माणूस सापडला पाहिजे, कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याशी बोला, कधी रियाज करता, घरचे काय म्हणतात, विचारा सरळ. गाणारी माणसं यावर भरभरून बोलतात.

गुरू शोधताना एकच बघा, पहिल्याच दिवशी तुमची पट्टी, म्हणजे तुमचा सा कुठल्या सुरावर धरायचा ते, नीट शोधतात का. साधारण पुरुषांची काळी एक-दोनच्या (म्हणजे पेटीवरच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या सुराच्या) आसपास असते आणि बायकांची काळी चार-पाचच्या आसपास, पण प्रत्येकाचा गळा वेगळा, सगळ्या वर्गाला एकाच पट्टीत ओढणाऱ्या ठिकाणी घसा दुखतो आणि उत्साह तिथेच संपतो. पैसे भरायच्या आधी एक तास नुसतं बसून ऐकू द्याल का असं विचारा.

रोजचं म्हणाल तर पंधरा मिनिटं. तासभर ठरवू नका, तासभर मिळणार नाही आणि मग तो दिवस गेलाच. तानपुऱ्याचं ॲप लावा, फुकट मिळतात, आपल्या पट्टीत लावून पहिली पाच मिनिटं फक्त सा. लांब, सरळ, न हलवता. मग आवाजावर जोर न देता हळूहळू खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, खाली जा, मग एक-दोन अलंकार (सुरांचे सरावाचे पलटे), आणि शेवटी भूप नाहीतर यमन यातला जो राग गुरुजींनी दिला असेल त्याची बंदिश (रागात बांधलेलं गाणं). शेजारी काय म्हणतील ही भीती फ्लॅटमध्ये सगळ्यांनाच असते, खिडकी लावा आणि गा, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की या वेळात मला हाक मारायची नाही, हे सांगताना विशेषतः बायकांना संकोच वाटतो पण सांगायचंच. आठवड्यातून एकदा रेकॉर्ड करून ठेवा, ऐकायची घाई नको, महिन्याने पहिलं आणि शेवटचं एकापाठोपाठ ऐका, सा किती स्थिर झालाय ते तुमच्याच कानाला कळेल आणि यापेक्षा मोठं प्रोत्साहन मला तरी माहीत नाही.

मग असे दिवस येतात की गावंसंच वाटत नाही, घसा बसलाय, ऑफिसमध्ये मार्च एंड आहे, घरात आजारपण आहे. तेव्हा कुमार गंधर्वांची आठवण काढा. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे ते देवासला राहायला आले, पाच-सहा वर्षं गाणं बंद, पण कान बंद नव्हते, माळव्यातली लोकगीतं ते ऐकत राहिले आणि पुढे त्याच धुनांमधून त्यांचे नवे राग आले. आपल्या बेताच्या दिवसांतही कानाचं काम चालू ठेवता येतं, लोकलमध्ये उभं राहून तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजा, एक, पाच आणि तेराला टाळी, नवाला खाली (म्हणजे टाळी न देता नुसता हात बाजूला), एखादी मध्यलयीची बंदिश लावून सम कुठे पडते तेवढंच पकडा. गळ्याला विश्रांती आणि शिकणं चालू.

परीक्षांचं थोडक्यात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत परीक्षा असतात, मोठ्या वयाची माणसंही देतात, आणि समोर तारीख असली की रियाज होतो हे खरंय. पण क्लास लावल्या लावल्या फॉर्म भरू नका, आधी गाण्यात रमा, नाहीतर रागाची माहिती पाठ करण्यातच सगळा वेळ जातो.

त्यापेक्षा पहिलं ध्येय येत्या आषाढातली गुरुपौर्णिमा ठेवा. एक छोटा ख्याल, दोन-चार आलाप, चार सोप्या ताना, मिळून सात-आठ मिनिटं, बास. तबल्याबरोबर निदान दोनदा तरी आधी बसा, कारण ॲपवरचा ठेका आणि समोरचा तबलजी यात खूप फरक पडतो, पेटीवाल्यांना पट्टी आणि राग आदल्या दिवशीच सांगा, आणि ज्यांच्यासमोर गायला सगळ्यात जास्त लाज वाटते त्यांना आवर्जून बोलवा.