मुंबईत नव्याने आलेल्या मिशन सेवकासाठी

मुंबईत येताच कामाची घाई करू नये. पहिला महिना खोली, लोकलचा पास आणि मराठी उपासना होणारे चर्च शोधण्यात घालवावा. भाडेकरार नोंदवून घ्यावा, अनामत रकमेची पावती जपावी. भाषेची हयगय मात्र नको: १८१३ मध्ये येथे उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनाही आधी मराठीच गिरवावी लागली. उपासना संपताच न निघता सतरंज्या गुंडाळायला हात लावावा, कारण चहाचा पेला हाती देताना एखाद्या मावशी ‘जेवतोस कुठे रे?’ असे ज्या आपुलकीने विचारतात, ती आपुलकी ओळखपत्राने मिळत नाही. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेला जावे; मेणाचे हात-पाय वाहून नवस फेडणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक दिसतात. तेथे उपदेश नको, नुसते पाहावे.