दगडी झालेल्या गाईच्या सडात ट्यूब सोडताय? या चुका टाळा

सकाळच्या धारेला एका सडातून फुटलेल्या दुधासारख्या गुठळ्या येतात. कास त्या बाजूला गरम आणि टणक लागते, हात लावला की गाय पाय झाडते. दगडी, म्हणजे कासदाह, झाली हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. चुकतं ते पुढं. डॉक्टरांना फोन जायच्या आधी पोरगा गाडीवरून मेडिकलला पोचतो आणि "मागच्या वेळची ती ट्यूब द्या" म्हणतो. वाळव्यापासून फलटणपर्यंत गोठ्यागोठ्यात हेच चाललंय. पुन्हा त्याच गोठ्यातून तक्रार येते की औषधात आता दम राहिला नाही. औषध तेच आहे. त्याला दाद न देणारे जंतू आपणच कासेत पोसलेत.

ट्यूबमध्ये असतं ते अँटिबायोटिक, ते सूज उतरवायचं औषध नव्हे. ते जंतूच्या एका ठरावीक जागी घाव घालतं. पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन जंतूला भिंत बांधू देत नाहीत. भिंत अर्धवट राहिली की आतल्या दाबानं जंतू फुटतो. म्हणजे ही औषधं वाढत्या जंतूला मारतात, निपचित पडून राहिलेल्याला नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि जेंटामायसिन जंतूचं प्रथिनं बनवायचं काम अडवतात. एन्रोफ्लॉक्सॅसिन त्याच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकराला (एन्झाइमला) धरतं. आता मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूला भिंतच नसते, तिथं पेनिसिलीन काय करणार? ई. कोलाय या शेणातल्या जंतूला भिंतीबाहेर आणखी एक पडदा असतो, साधं पेनिसिलीन त्यातून नीट आत जात नाही. आणि कासेत यीस्ट वाढलं असेल तर कुठलंच अँटिबायोटिक उपयोगाचं नाही, कारण ती बुरशी आहे. बाहेरून तिन्ही दगड्या सारख्याच दिसतात. म्हणून "मागच्या वेळची ट्यूब" हा निव्वळ अंदाज असतो.

दूध पांढरं दिसलं की ट्यूब बंद

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून सविस्तर लिहितो. डॉक्टरांनी बारा-बारा तासांनी सलग काही ट्यूब सांगितलेल्या असतात. सोमवारी संध्याकाळी पहिली जाते, मंगळवारी सकाळी दुसरी. मंगळवारी संध्याकाळी गुठळ्या कमी होतात, बुधवारी सकाळी दूध पांढरंशुभ्र येतं. उरलेली ट्यूब कपाटात जाते, "पुढच्या वेळेला होईल" म्हणून. वीस-पंचवीस दिवसांनी त्याच सडातून पुन्हा गुठळ्या. या वेळी ती जुनी ट्यूब जाते, ती लागू पडत नाही म्हणून दुकानदाराकडून दुसऱ्या औषधाची एक, मग तिसऱ्या औषधाची. पुढच्या वेतापर्यंत कासेत सुपारीएवढ्या गाठी हाताला लागतात, शेजारचा सडही बिघडतो, आणि गाय कायमची तीन सडांची होऊन बसते.

बुधवारी सकाळी कासेत काय झालेलं असतं ते बघा. गुठळ्या म्हणजे पांढऱ्या पेशी, मेलेले कण आणि साकळलेलं प्रथिन. जंतूंची संख्या घटली की गुठळ्या थांबतात, पण संख्या घटणं म्हणजे जंतू संपणं नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दगडीतला फार चिवट जंतू. तो कासेच्या मांसात बारीक पुवाचे कप्पे करून राहतो, चक्क गाईच्या पेशींच्या आत लपतो, आणि बऱ्याच औषधांना तिथं पुरेशा प्रमाणात पोचता येत नाही. अर्ध्यावर औषध थांबलं की जे लेचेपेचे होते तेच मेलेले असतात. तग धरलेले उरतात आणि वाढतात. दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारा एक जंतू सात तासांत वीस लाखांवर जातो. कोट्यवधींत एखादा असा निघतोच ज्याच्या अंगात औषध तोडणारं विकर असतं, किंवा आत आलेलं औषध बाहेर फेकणारा पंप असतो, किंवा औषध जिथं अडकतं ती जागाच बदललेली असते. हे गुण तो प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यातून शेजारच्या जंतूलाही देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. पेनिसिलीन तोडणारं विकर 1940 सालीच अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं, तेव्हा ते औषध बाजारातही आलेलं नव्हतं. मारायला पुरणार नाही एवढ्या कमी औषधात जंतू ठेवले तर ते निर्ढावतात, हे पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात स्पष्ट सांगितलं होतं.

याचा अर्थ जितके जास्त दिवस तितकं चांगलं असा नाही. किती दिवस हे जंतू कोणता, गाय कितव्या वेताची, गाठी जुन्या की नव्या यावर ठरतं आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. ठरलं की मात्र दुधाचा रंग बघून बदलायचं नाही. आमची पद्धत साधी आहे: गोठ्याच्या भिंतीवर खडूनं गाईचं नाव, सड (उजवा पुढचा, डावा मागचा असा), प्रत्येक ट्यूबची तारीख आणि वेळ. गाईच्या मागच्या पायाला लाल दोरी. घरात धार कुणीही काढो, दोरी दिसली की दूध कॅनमध्ये जात नाही.

बरं झालं का हे डोळ्यांनी ठरवू नका, सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, दुधातल्या पांढऱ्या पेशी वाढल्यात का हे दाखवणारी गोठ्यातली चाचणी) करा. चार कप्प्यांच्या ताटलीत प्रत्येक सडाचं 2-3 मिली दूध, तेवढंच द्रावण, 10 सेकंद गोल फिरवायचं. दूध पातळच राहिलं तर ठीक, चिकट लोळा झाला तर आत सूज आहे. उपचार संपल्यावर दोन दिवसांत ही चाचणी करून हताश होऊ नये, पेशी उतरायला वेळ लागतो. तीन आठवड्यांनी करा. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकातही लोळा येतो, त्यावरून ट्यूब सोडायची नाही.

एक ट्यूब, दोन सड

दोन सड बिघडलेत आणि हाताशी ट्यूब एकच आहे, म्हणून अर्धी इकडं अर्धी तिकडं. वाचलेले पैसे दिसतात. न दिसणाऱ्या गोष्टी दोन: दोन्ही सडांना निम्मंच औषध मिळालं, आणि पहिल्या सडातले जंतू ट्यूबच्या तोंडावरून दुसऱ्यात नेऊन सोडले. अर्ध्या ट्यूबला टोपण लावून संध्याकाळसाठी ठेवणं हाही तोच प्रकार. एका सडाला एका वेळी एक अख्खी ट्यूब, उरलीच तर फेकायची.

दुसरी गोष्ट, ट्यूबचं नळकांडं मुळापर्यंत आत खुपसायचं नाही. सडाची नळी जेमतेम सेंटिमीटरभर असते. तिच्या आतल्या बाजूला केराटिनचा मेणासारखा थर असतो, तोच जंतू अडवतो. लांब नळकांडं तो थर खरवडतं आणि सडाच्या तोंडावरची घाण थेट कासेत ढकलतं. तोंड 3-4 मिलिमीटर आत गेलं की पुरे. बऱ्याच ट्यूबना छोटं आणि मोठं अशी दोन टोपणं असतात; छोटंच काढा.

क्रम असा ठेवा. आधी कास पूर्ण मोकळी करा, साचलेल्या दुधात औषध पातळ होऊन वाया जातं. सड चिखलानं भरला असेल तरच धुवा आणि कोरडा पुसा, ओल्या सडावरून पाणी नळीत उतरतं. हात साबणानं धुवा, हातमोजे असतील तर उत्तम. मग स्पिरिटच्या बोळ्यानं सडाचं टोक 10-15 सेकंद घासा आणि बोळा बघा. काळा आला तर नवा बोळा घ्या, पांढरा येईपर्यंत. चारही सडांचं काम असेल तर पुसताना पलीकडचे दोन आधी, अलीकडचे नंतर. ट्यूब सोडताना उलट, अलीकडचे आधी. नाहीतर पलीकडं हात नेताना स्वच्छ केलेल्या सडाला बाही लागते. औषध सोडल्यावर सडाकडून कासेकडं हळू चोळा, 0.5 टक्के आयोडीनच्या द्रावणात सड बुडवा आणि पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे. पावसाळ्यात शिराळा-पाटणकडच्या गोठ्यांत ओल्या पाचटावर गाय लगेच बसली की शेणातला ई. कोलाय उघड्या सडातून आत जातो, आणि दोष ट्यूबला लागतो.

घाई करणाऱ्यांना हे सगळं फार वाटतं. दहा मिनिटांचं काम आहे. स्पिरिट न लावता सोडलेल्या ट्यूबमुळं यीस्ट आत जाऊन औषध चालू असतानाच नवी दगडी होते, तेव्हा ती दहा मिनिटं आठवतात.

वजनाचा अंदाज

इंजेक्शनचा डोस वजनावर असतो आणि वजन नेहमी कमीच धरलं जातं. टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की किलो येतात. घेर 72 आणि लांबी 60 असलेली एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय सुमारे 471 किलोची भरते. तिला 350 धरून औषध दिलं तर पाव हिस्सा कमी पडला. हे माप अंदाजेच आहे, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं.

बाकीच्या चुका थोडक्यात. पेनिसिलीन आणि जेंटामायसिन एकाच सिरिंजमध्ये ओढू नका, एकमेकांत मिसळून औषध निकामी होतं. पाणी घालून विरघळवलेली पेनिसिलीनची अर्धी बाटली पुढच्या महिन्यासाठी ठेवू नका. गाय आटवताना सोडायची ट्यूब दुभत्या गाईला कधीच नाही, तिचं औषध आठवडेच्या आठवडे कासेत राहतं. उलट जुनी दगडी असलेल्या गाईला आटवतानाच, विण्याआधी सुमारे 60 दिवस, ती ट्यूब सोडायचं डॉक्टरांना विचारा. चिवट जंतू भाकड काळात जास्त चांगले निघतात. कोलिस्टिन कुणी देऊ केलं तर घेऊ नका, 2019 पासून दुभत्या आणि खाण्याच्या जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, कारण माणसांच्या दवाखान्यातलं ते अखेरच्या फळीचं औषध आहे.

"तीन सड चांगले आहेत, ते दूध घाला"

औषध एका सडात सोडलं तरी ते रक्तात शोषलं जातं आणि बाकीच्या तीन सडांतून बाहेर येतं. म्हणून चारही सडांचं दूध बाजूला. किती दिवस ते ट्यूबच्या खोक्यावर लिहिलेलं असतं आणि मोजायचं शेवटच्या ट्यूबपासून, पहिल्यापासून नाही. औषध नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे एखाद्या औषधाचा असा काळ तपासून ठरवलेला नसेल तर दुधासाठी किमान 7 दिवस धरायचे.

"एवढ्याशा औषधानं काय होतंय" म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. पेनिसिलीनचे एक लाख युनिट म्हणजे 60 मिलिग्रॅम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा किलोभर दुधाला 4 मायक्रोग्रॅम. म्हणजे तेवढं औषध सुमारे 15,000 लिटर दुधाला पुरतं. एका गोठ्यातली एक कॅन अख्खा टँकर नापास करू शकते आणि सोबत गावातल्या बाकी सगळ्यांचं दूध जातं. घरी याची खूण ओळखीची आहे: विरजण घातलं तरी दही लागत नाही, सकाळी भांड्यात कोमट पातळ दूधच असतं. विरजणातले जंतूसुद्धा जंतूच, ते आधी मरतात. दूध उकळलं की औषध जातं हा समज चुकीचा आहे. उकळून ते फारसं कमी होत नाही.

हे दूध वासराला पाजायची सवय तर पूर्ण बंद करा. रोज थोडं थोडं औषध वासराच्या आतड्यात गेलं की तिथं दाद न देणारे जंतू निवडून वाढतात, शेणातून ते उकिरड्यात आणि तिथून शेतात जातात. विहीर-ओढ्यापासून दूर खड्ड्यात ओता.

नमुना न घेता उपचार

गाय दुसऱ्यांदा त्याच सडात आजारी पडली तर ट्यूबच्या आधी दुधाचा नमुना घ्या. ट्यूब सोडल्यावर घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा काहीच उगवत नाही. सडाचं टोक स्पिरिटनं पुसा, पहिल्या तीन-चार धारा टाकून द्या, निर्जंतुक बाटली आडवी धरून 5-10 मिली दूध घ्या, बाटलीच्या तोंडाला बोट किंवा सड लागू देऊ नका. गाईचं नाव, सड, तारीख लिहा, बर्फात ठेवा आणि 24 तासांत पोचवा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जवळची प्रयोगशाळा कोणती ते डॉक्टरांकडून कळेल. तिथं जंतू बशीत वाढवून त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवतात आणि टिकलीभोवती जंतू न उगवलेलं रिंगण मिलिमीटरमध्ये मोजतात. कोणतं औषध चालेल हे त्या रिंगणावरून ठरतं. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर उपचार सुरू करतील, नमुना तेवढा आधी निघाला पाहिजे.

एका प्रसंगात मात्र कशाचीच वाट बघायची नाही. दूध पिवळसर पाण्यासारखं आलं, कान थंड पडले, गाय वैरणीला तोंड लावेना किंवा उठेना, तर ते जंतूचं विष अंगात भिनल्याचं लक्षण आहे. अशा वेळी एकट्या ट्यूबनं काही होत नाही, शिरेतून सलाईन आणि सुजेचं औषध लागतं, तेही काही तासांत. लगेच डॉक्टर, ते मिळाले नाहीत तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962.