जुन्या रॉक अल्बमची रीमास्टर आवृत्ती घ्यावी की नाही, हे कसे ठरवावे

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरात मामांनी जपलेली रेकॉर्डींची एक लाकडी पेटी आहे. महूच्या छावणीतून बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्यांकडून त्यांनी त्या रेकॉर्डी एकेक करून विकत घेतल्या होत्या आणि त्यांतील बऱ्याच कलकत्त्याच्या दमदम कारखान्यात छापलेल्या आहेत. आता त्यांतील बहुतेक अल्बमांच्या नव्या, ‘रीमास्टर्ड’ आवृत्त्या निघाल्या आहेत आणि पेटी पाहायला येणारा प्रत्येक जण विचारतो, की जुनी प्रत हाताशी असताना नवीसाठी पैसे घालावेत का. याचे उत्तर अल्बमागणिक बदलते. म्हणून मी स्वतः खरेदीपूर्वी ज्या क्रमाने तपासणी करतो, तो क्रमच येथे सांगतो.

आधी वेष्टनावरील शब्द नीट वाचावा

‘रीमास्टर’ आणि ‘रीमिक्स’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गायन, गिटार, ड्रम असे सगळे घटक एकत्र करून जी अंतिम दोन-चॅनेलची टेप तयार होते, तिच्यावर संस्कार करून नवी प्रत काढणे म्हणजे रीमास्टर. त्यात एकट्या गिटारचा आवाज वेगळा काढून वाढवता येत नाही. जे काही होते ते संपूर्ण ध्वनीवर होते. रीमिक्समध्ये मात्र तंत्रज्ञ त्याच्याही मागे, वेगवेगळ्या ट्रॅकच्या मूळ टेपपर्यंत जातो आणि मिश्रण पुन्हा नव्याने बांधतो. बीटल्सचे २००९ मध्ये आलेले अल्बम रीमास्टर होते, तर ‘सार्जंट पेपर’ची २०१७ ची आवृत्ती हे जाइल्स मार्टिन यांनी केलेले रीमिक्स आहे. दोन्ही चांगले असू शकतात. पण रीमिक्स विकत घेणारा जुन्या अल्बमची स्वच्छ प्रत घेत नसतो, तर त्याच गाण्यांची दुसरी मांडणी घेत असतो, हे त्याला आधी माहीत असावे.

माझा अनुभव असा, की मूळ मिश्रणच सदोष असेल तर रीमिक्सचे पैसे वसूल होतात. जेथ्रो टलचा १९७१ चा ‘अ‍ॅक्वालंग’ धूसर आवाजासाठी ओळखला जात असे. स्टीव्हन विल्सन यांनी केलेले त्याचे २०११ चे रीमिक्स ऐकताना एखाद्या जुन्या काचेवरची धूळ पुसल्यासारखे वाटते. ती आवृत्ती मी कोणालाही निःशंकपणे सुचवतो.

कोणत्या टेपवरून काढले, ते शोधावे

सीडी १९८२ साली बाजारात आली आणि पुढची काही वर्षे कंपन्यांना घाई होती. त्या काळातील अनेक सीडी मूळ टेपवरून न काढता टेपच्या प्रतीवरून, कधी प्रतीच्या प्रतीवरून आणि कधी तर रेकॉर्ड कापण्यासाठी, म्हणजे तिच्या खाचा कोरण्यासाठी, मुद्दाम आवाज बदलून ठेवलेल्या टेपवरून काढल्या गेल्या. अशा अल्बमच्या बाबतीत मूळ टेप शोधून काढलेली नवी आवृत्ती उघडच सरस ठरते. उलट बाजूही लक्षात घ्यावी: टेप म्हातारी होते. सत्तरच्या दशकातील काही टेपांवरील चिकटद्रव्य ओलावा शोषून इतके चिकट होते, की ती टेप वाजवण्यापूर्वी सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसला काही तास शेकावी लागते. त्यामुळे १९८४ साली चांगल्या टेपवरून काळजीने काढलेली सीडी २०१४ च्या आवृत्तीपेक्षा ताजी वाटू शकते. आतल्या पुस्तिकेत मूळ टेपचा आणि मास्टरिंग करणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख असेल, तर ती चांगली खूण समजावी. नुसते ‘डिजिटली रीमास्टर्ड’ एवढेच छापलेले असेल, तर त्यातून काहीही कळत नाही.

दोन्ही आवृत्त्या सारख्या पातळीवर आणून ऐकाव्यात

या लेखातील एकच गोष्ट पाळायची झाली, तर ही पाळावी.

आपल्या कानाची एक खोड आहे. एकच ध्वनी किंचित मोठा केला, की तो ‘मोठा’ न वाटता ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक भरदार’ वाटतो. आवाज लहान असताना खर्ज आणि अतितार स्वर कानाला कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. नव्वदच्या दशकापासून कंपन्यांनी या खोडीचा पुरेपूर लाभ घेतला. गाण्यातील सर्वांत उंच टोके दाबायची आणि मग सगळेच वर उचलायचे, म्हणजे दुकानात नवी सीडी जुनीपेक्षा लगेच उठून दिसते. स्टूजेसच्या ‘रॉ पॉवर’चे १९९७ चे रीमिक्स या दडपेगिरीचे टोकाचे उदाहरण म्हणून आजही सांगितले जाते. रश या चमूला तर आपला २००२ चा ‘व्हेपर ट्रेल्स’ याच कारणाने २०१३ मध्ये पुन्हा मिश्रण करून काढावा लागला.

इंदूरच्या माणसाला यात काय हरवते हे फार समजावून सांगावे लागू नये. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित ख्याल ज्याने ऐकला आहे, त्याला स्वराभोवतीची शांतता हाही गाण्याचाच भाग असतो, हे ठाऊक आहे. रॉकमध्येही ती शांतता आहे. हळू गिटारनंतर ड्रमचा पहिला ठोका पडतो तो याच शांततेतून येतो, म्हणून तो छातीत जाणवतो. गिटारच ठोक्याइतकी मोठी करून ठेवली, तर ठोक्याला यायला जागा उरत नाही.

तुलना अशी करावी. जुनी सीडी मित्राकडून उसनी आणावी, कारण ऐकण्याच्या ॲपवर बहुधा नवीच आवृत्ती ठेवलेली असते. दोन्ही आवृत्त्यांतील तेच गाणे संगणकावर वेव्ह फाइल म्हणून घ्यावे, ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडावे आणि त्यातील ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापरून दोन्ही उणे २३ एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचे माप) आणावे. मोठ्या आवाजाची फाइल खाली आणायची असते. लहान आवाजाची फाइल ताणून वर नेली, तर तिची टोके कापली जाण्याचा धोका असतो.

मग संपूर्ण गाणे न ऐकता तीन जागा निवडाव्यात. पहिली, जेथे हळू भागातून एकदम जोरकस भाग सुरू होतो. दुसरी, जेथे झांज वाजून विरत जाते. तिसरी, गाण्याचा शेवट. जोरकस भाग सुरू होताच मागचे वाद्य क्षणभर आत ओढल्यासारखे झाले, तर दाबणी जास्त आहे. झांजेचा शेवट विरण्याऐवजी तुटला, तर टेपची खरखर काढताना संगीतही काढले गेले आहे. मी एका नव्या आवृत्तीत हे हेडफोन लावून तपासले होते: जुन्या सीडीत झांज खरखरीच्या आतही बराच वेळ चमकत राहत होती, आणि नव्यात ती ओल्या कापडाने पुसावी तशी मध्येच नाहीशी झाली. मला थोडी खरखर चालते. तुटलेली झांज चालत नाही.

शेवटी डोळे मिटून परीक्षा घ्यावी. आमच्याकडे हे काम भाची करते: ती न सांगता कधी एक, कधी दुसरी फाइल लावते आणि माझी उत्तरे कागदावर लिहिते. दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा ओळखता आले, तर फरक खरा मानावा, कारण नुसत्या अंदाजाने तसे घडण्याची शक्यता साधारण एक टक्का असते. पाच-सहाच बरोबर आले, तर जुनी प्रत ठेवावी आणि पैसे दुसऱ्या अल्बमसाठी वापरावेत.

आकडा आणि आलेख

ऑडॅसिटीत फाइल उघडताच तिचा आलेख दिसतो. जुन्या सीडीचा आलेख सातपुड्याच्या डोंगररांगेसारखा वरखाली जातो. दाबलेल्या आवृत्तीचा विटेसारखा सपाट असतो. हळू आणि जोरकस आवाजातील चढउताराचा ‘डीआर’ आकडा अनेक हौशी श्रोते मोजून प्रसिद्ध करतात. १० किंवा त्याहून अधिक असेल तर मी निश्चिंत होतो, ७ च्या खाली असेल तर ऐकल्याशिवाय घेत नाही. मात्र रेकॉर्डवरून मोजलेला आकडा सीडीच्या आकड्याशी ताडून पाहू नये. मूळ फाइल तीच असली तरी रेकॉर्डवरून मोजताना तो वाढून येतो.

आपली खोलीही विचारात घ्यावी

मार्चपासून पावसापर्यंत आपल्याकडे छताचा पंखा बंद होत नाही आणि त्या घरघरीत गाण्याचा सर्वांत हळू भाग बुडून जातो. मोटारीतही तेच. ज्यांचे ऐकणे मुख्यतः अशा जागी होते, त्यांना थोडी दाबलेली नवी आवृत्ती खरोखरच सोयीची पडते आणि तसे मान्य करण्यात काहीच कमीपणा नाही. तुलना मात्र रात्री, पंखा बंद करून करावी.

रेकॉर्ड घ्यायची असल्यास

येथे फसगत जास्त होते. मी स्वतः ‘१८० ग्रॅम’ हा जाड रेकॉर्डच्या वजनाचा शिक्का पाहून एक महागडी रेकॉर्ड ऑनलाइन मागवली आणि ती ऐकल्यावर लक्षात आले, की ती माझ्याकडच्या सीडीच्याच फाइलवरून कापलेली असावी, इतके ते दोन आवाज सारखे होते. जाड रेकॉर्ड वाकण्याला थोडा अधिक विरोध करते, पण जाडीमुळे आवाज सुधारत नाही. महत्त्वाचे असते ते टेपपासून रेकॉर्डपर्यंतचा प्रवास. बीटल्सच्या २०१२ च्या स्टिरिओ रेकॉर्डी डिजिटल फाइलवरून कापल्या आहेत, तर २०१४ च्या मोनो रेकॉर्डी थेट मूळ टेपवरून. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या अनेक रेकॉर्डींत मध्ये डिजिटल टप्पा आहे, हे २०२२ मध्ये उघड झाले तेव्हा कित्येकांना धक्का बसला, कारण त्याच रेकॉर्डींची त्यांनी वर्षानुवर्षे स्तुती केली होती. डिजिटल टप्पा वाईटच असतो, असे माझे म्हणणे नाही; ग्राहकाला तो सांगितला गेला पाहिजे, एवढेच आहे.

जुनी रेकॉर्ड घेताना लेबलाशेजारच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेली अक्षरे भिंग लावून वाचावीत. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या अमेरिकी प्रतींवर मास्टरिंग करणारे रॉबर्ट लडविग यांची ‘आरएल’ ही आद्याक्षरे आहेत आणि तेवढ्यासाठी लोक त्या प्रती शोधत फिरतात.

मोठे संच

तीन-चार तबकड्या, न प्रसिद्ध झालेल्या चाली आणि जाड पुस्तक असलेला संच घेण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारतो: त्यातील जादा ध्वनिमुद्रणे मी दुसऱ्यांदा लावीन का? बहुतेक वेळा उत्तर नाही असे येते आणि मग मी एकच तबकडी घेतो.

प्रत घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी ती पूर्ण वाजवून पाहावी. रेकॉर्ड फिरताना सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलत असेल, तर मधले छिद्र बाजूला पडले आहे. तो वरखाली होत असेल, तर रेकॉर्ड वाकली आहे. दोन्ही दोष मोबाइलवर चित्रित करून लगेच कळवावेत. तपासून झाल्यावर रेकॉर्ड उभी ठेवावी आणि मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत तर कधीच ठेवू नये. मामांच्या पेटीतील जी एकमेव रेकॉर्ड वाजत नाही, ती तेथेच वाकली.