किनारा मोजायला निघण्याआधी

पाणी, टोपी, जुन्या चपला हे सांगायला नको. सगळ्यात आधी लागते ती पक्की खूण. ती ठरली नसेल तर निघूच नका.

दापोलीकडच्या एका पुळणीवर आम्ही मेअखेरीस वाळूचा उतार मोजला, तो वर ओढून शाकारलेल्या एका होडीपासून. ऑक्टोबरात परत गेलो तर होडी कधीच समुद्रात गेलेली. पावसाळ्याने किती वाळू नेली आणि त्यातली किती परत आली, हेच शोधायला आम्ही गेलो होतो. मेचे आकडे वहीत आहेत, पण ते नेमके कुठून मोजले हे आता कुणालाच सांगता येत नाही. चौघांची अख्खी मेहनत वाया गेली.

म्हणून खूण हवी. विहिरीचा कठडा, देवळाचं जोतं, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा कोपरा, यांतलं काहीही चालेल, पण ते हलता कामा नये. सुरूचं झाड नको. उधाणात मुळं उघडी पडली की ते आडवं होतं. मालकाला विचारून ऑइलपेंटचा ठिपका द्या आणि दोन बाजूंनी फोटो काढा. तिच्या मागे दुसरी खूण ठेवा, म्हणजे दोन्ही एका रेषेत धरून दर वेळी त्याच वाटेने पाण्याकडे उतरता येतं. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका, ते काही मीटर सहज चुकतं. आणि ठिपक्यापासून खाली वाळू किती सेंटिमीटरवर आहे, ते वहीत सगळ्यात आधी लिहा. हा आकडा नसेल तर पुढच्या उतारांची तुलना कशाशी करणार?

मग वेळ. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास साधारण कळतो, आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळी साडेसातला पुळण चांगली उघडी असते. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. मेमध्ये उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला) आणि ऑक्टोबरात भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीला) गेलात तर दोन्ही खेपांना सारख्या अंतरापर्यंत पोहोचता येणार नाही.

दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या घ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या रेघा मारा, शून्य वरच्या टोकाला. मध्ये 2 मीटरची दोरी. समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा; ती नजर अलीकडच्या काठीला जिथे छेदते, तेवढा उतार. पुढची वाळू उंच असेल तर उलट करा. सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी 1961 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही पुरते, फक्त क्षितिज दिसायला हवं. मेच्या दुपारी ते धुरकट असतं, सकाळीच उरका.

नोव्हेंबर ते मार्च कासवांच्या विणीचा काळ. रात्री पांढरा टॉर्च नको. घरटं दिसलं तर उकरू नका, वनरक्षकाला कळवा.

वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल लावायची असेल तर जूनच्या पहिल्या पावसात, भरतीरेषेच्या वर. मोजणीच्या रेषेवर लावू नका, तुडवली जाते.

वही पेन्सिलीने लिहा, शाई पाण्याने पसरते. खुणेचे फोटो छापून वहीत चिकटवा, मोबाइल बदलतो. आणि खूण सापडेपर्यंत काठी रोवू नका.