टरबूज-खरबुजाचा वेल सुकतोय? पाणी ओतण्याआधी या चुका टाळा

एप्रिलात जळगाव-धुळ्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की अंगणातला टरबुजाचा वेल दुपारी मान टाकतोच. मुळं पुरवतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं, म्हणून पानं लोंबतात. हा रोग नाही. पण आपला जीव राहत नाही आणि आपण बादलीभर पाणी ओततो. बरेच वेल याच चुकीने जातात. आपली काळी जमीन वरून भेगाळलेली दिसते, पण खाली ओल धरून असते. त्यात रोज पाणी पडलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि वेल पुन्हा सुकतो. मग आणखी पाणी!

दुपारी बघून काहीच ठरवू नका. सकाळी ऊन चढायच्या आत बघा. पानं ताठ असतील तर वेल ठणठणीत आहे. तेव्हाही मलूल असतील तर बोट दोन-तीन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओल असूनही वेल मलूल असेल, तर दुखणं मुळांत किंवा खोडात आहे.

दुसरी चूक म्हणजे न तपासता फवारणी. आधी एखादी फांदी सुकते, बुडाकडची पानं पिवळी पडतात, मग हळूहळू सगळा वेल जातो, तेव्हा मर रोगाचा संशय घ्या. गेलेल्या वेलाचं जमिनीलगतचं खोड धारदार ब्लेडने तिरपं कापा. निरोगी खोड आतून फिकट हिरवं असतं. मर असेल तर आत तपकिरी रेघा दिसतात. फ्युजेरियम बुरशीने पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद केलेल्या असतात, त्यामुळे पानांवर काहीही फवारलं तरी तो वेल उठत नाही. मुळासकट उपटून जाळा. कंपोस्टच्या खड्ड्यात तर अजिबात टाकू नका. ही बुरशी मातीत कित्येक वर्षं राहते. त्या आळ्यात पुढची काही वर्षं टरबूज-खरबूज नको, कुंडी असेल तर माती बदला. पुढच्या लागवडीआधी चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून घाला, मात्र त्यासोबत रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, नाहीतर ट्रायकोडर्माही मरेल.

उपटलेल्या मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. तिथे निंबोळी पेंड घाला, झेंडू लावा. मुळं कुरतडलेली असतील तर तांबड्या भुंगेऱ्यांच्या अळ्या असू शकतात. भुंगेरे भल्या सकाळी सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचता येतात. खोडाला चीर पडून तांबूस डिंक आला असेल तर तो डिंक्या, हाही बुरशीचाच रोग.

भुरी आणि केवडा यांत गल्लत नको. पानावर पिठासारखी पांढरी पूड म्हणजे भुरी. शिरांमध्ये अडकलेले कोनाकृती पिवळे डाग आणि पानाखाली करडी बुरशी म्हणजे केवडा. भुरीवर गंधक चालतं, पण वेलवर्गीय पिकं त्याला नाजूक असतात, आणि ३२-३५ अंशांपुढे फवारलं तर पानं करपतात. म्हणजे आपल्याकडे मार्च-एप्रिलात गंधक नकोच. रोगट पानं काढा, वेल मोकळा ठेवा, पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या.

तरीही उलगडा होत नसेल तर नुसतं पान घेऊन जाऊ नका. आजारी पण अजून जिवंत वेल मुळासकट, थोड्या मातीसह पिशवीत घाला आणि पाल, ममुराबाद (दोन्ही जळगाव जिल्ह्यात), धुळे किंवा नंदुरबार, जे जवळ पडेल त्या कृषी विज्ञान केंद्रात त्याच दिवशी दाखवा.