खुडूक कोंबडी उठता उठत नाही? या चुका टाळा

खुडूक, म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवायला घरट्यात ठाण मांडून बसलेली कोंबडी हट्टी असते हे खरं. पण ती आठवडेच्या आठवडे घरट्यात बसून राहते, त्याला बहुतेक वेळा आपलं अर्धवट काम कारण असतं. सकाळी हाकललं, दुपारी विसरलो, संध्याकाळी बाई पुन्हा तिथेच. असं चाललं की खुडूकपणा मोडत नाही, मुरतो. पहिल्या एक-दोन दिवसांत जी कोंबडी सहज ताळ्यावर येते, तीच पंधरवडा बसू दिली की दमवते.

आधी ती खरंच खुडूक आहे ना, ते बघा. हात जवळ नेताच ती पिसं फुलवते, गुरगुरते, टोचते. रात्री दांडीवर न जाता घरट्यातच राहते, दिवसातून एखाद-दोनदा खायला उतरते आणि तेव्हा भलीमोठी, घाण वासाची शिट टाकते. छाती-पोटाची पिसं गेलेली दिसतात. यातलं काहीच नसेल, कोंबडी मलूल असेल आणि शेपटी खालीवर करत कुंथत असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. तिला पशुवैद्याकडे न्या. खुडूकपणाचे उपाय करत बसलात तर ती हातची जाईल.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे तिला डालग्याखाली किंवा खोक्यात अंधारात कोंडणं. वरवर हा उपाय बरोबर वाटतो, कारण घरटं तर सुटलं. पण अंधार, ऊब आणि एकांत हेच तर तिला हवं असतं! खुडूकपणामागे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक असतं. घरट्याचा आणि अंड्यांचा पोटाला होणारा स्पर्श ते चढतं ठेवतो, आणि ते चढलेलं असेपर्यंत अंडी बंद. म्हणजे मोडायची आहे ती बैठक. कोंबडीला शिक्षा करून काही साधत नाही.

म्हणून पिंजरा हवा तो जाळीच्या तळाचा. चार विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल. आत पेंढा, गोणपाट, काही नको. ‘बिचारीला टोचत असेल’ म्हणून कापड अंथरलंत की तिचं घरटं तयार झालं. जाळी मात्र बारीक छिद्रांची आणि न कापणारी घ्या. खाद्य आणि पाणी कायम समोर असू द्या. पिंजरा उजेडात पण सावलीत, बाकीच्या कोंबड्या दिसतील असा ठेवा. आणि रात्रीही ती तिथेच राहिली पाहिजे. इथेच बहुतेकांचा हात ढिला पडतो: दिवसभर पिंजरा, रात्री दया येऊन खुराड्यात, आणि सकाळी सगळं पहिल्यापासून. मांजर-मुंगूस पोचणार नाही अशी जागा तेवढी बघा.

साधारण 2 ते 4 दिवस लागतात. मुरलेली कोंबडी आठवडाही घेते. मोकळी सोडून पाहा. चरायला गेली, धुळीत लोळली तर सुटली. तडक घरट्याकडे धावली तर परत पिंजऱ्यात. सुटल्यावर लगेच अंड्याची वाट पाहू नका, एक ते तीन आठवडे जातात.

गार पाण्यात बुडवणं, उपाशी ठेवणं, नाकात पीस खुपसणं, हे प्रकार करू नका. ती आधीच रोडावलेली असते, त्यात उपास म्हणजे दुखण्याला आमंत्रण. बुडवण्याने कोंबडी घाबरते आणि पिसं वाळली की पुन्हा बसते.

अंडी रोज उचला, दोनदा उचलता आली तर उत्तम. एकीच्या बैठकीने दुसरीही बसते, आणि बाकीच्या तिच्याच खाली अंडी घालत जातात. कोंबडा असेल तर उबेत राहिलेल्या अंड्यात गर्भ वाढायला लागतो, ते खायला घेऊ नका. खुडूक कोंबडी धुळीत फारशी लोळत नाही, म्हणून उवा-गोचिडांसाठी पंखांखाली आणि घरट्याच्या फटींत नजर टाका. उन्हाळ्यात बंद पेटीत बसलेलीला आधी बाहेर काढा, बाकी विचार नंतर.

काही कोंबड्या मात्र सुटतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बसतात. सिल्की, कोचीन, असील या जातींत हे भरपूर, लेगहॉर्नमध्ये क्वचित. अशा कोंबडीशी वर्षभर झगडण्यापेक्षा तिला एकदा पिल्लं काढू द्यावीत, असं माझं मत. फळलेली अंडी तिच्या अंगाखाली पूर्ण झाकतील एवढीच, सगळी एकाच दिवशी ठेवा आणि त्यांवर खूण करा, म्हणजे नंतर घातलेली वेगळी काढता येतील. 21 दिवसांनी पिल्लं निघतील. कोंबडा नसेल तर ती कितीही बसली तरी अंडी फुटणार नाहीत. तेव्हा काही दिवस बसलेल्या कोंबडीखाली रात्री एक दिवसाची पिल्लं सरकवता येतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच स्वतः जाऊन बघा: कोंबडी पिल्लांना टोचत असेल तर पिल्लं लगेच काढून दिव्याच्या उबेत ठेवा.